यंत्र नाही, तरी रेकॉर्ड कशाला?

जुन्या नाशकातला एखादा वाडा पाडायला निघाला की माळ्यावरून ठरावीक वस्तू खाली येतात. पितळी समया, फुटका आरसा, आणि पत्र्याच्या ट्रंकेत आडव्या-उभ्या कोंबलेल्या रेकॉर्डी. समया नातेवाईक वाटून घेतात. रेकॉर्डींचं काय करायचं ते कुणालाच सुचत नाही, कारण त्या वाजवायचा फोनो कधीच भंगारात गेलेला असतो. मग कुणाच्या तरी ओळखीने एक गिऱ्हाईक येतं, एकेक तबकडी खिडकीपाशी नेऊन तिरपी धरून पाहतं, पैसे मोजतं आणि गठ्ठा घेऊन जातं. त्याच्याकडेही फोनो नाही हे कळल्यावर घरच्यांना वाटतं, हा माणूस खुळा तरी आहे किंवा आपल्याला फसवतोय तरी.

बहुतेक वेळा तो दोन्ही नसतो, आणि एकटाही नसतो. अमेरिकेत २०२३ मध्ये ल्युमिनेट या संस्थेने आकडे दिले, त्यानुसार मागच्या वर्षभरात रेकॉर्ड विकत घेतलेल्यांपैकी निम्म्याच लोकांच्या घरी ती वाजवायचं यंत्र होतं. ब्रिटनमध्ये २०१६ साली बीबीसीसाठी झालेल्या पाहणीत मागच्या महिन्यात रेकॉर्ड घेतलेल्यांपैकी ४८ टक्क्यांनी ती अजून वाजवलेलीच नव्हती. ७ टक्क्यांकडे यंत्रच नव्हतं आणि ४१ टक्क्यांकडे असूनही ते वापरात नव्हतं. २०२२ मध्ये तर अमेरिकेत सीडींपेक्षा रेकॉर्डी जास्त विकल्या गेल्या, सुमारे ४ कोटी १० लाख विरुद्ध ३ कोटी ३० लाख. असं १९८७ नंतर पहिल्यांदाच घडलं. न वाजणाऱ्या वस्तूला एवढी मागणी का, हे समजून घ्यायचं तर आधी ती वस्तू नीट पाहायला हवी.

## तबकडीत असतं काय

रेकॉर्ड म्हणजे गोल चकतीच्या एकेका बाजूवर असलेली एकच लांबलचक खाच. ती कडेपासून मध्याकडे फिरत जाते. खाचेच्या भिंती सरळ नसतात, आवाजाच्या कंपनांप्रमाणे नागमोडी असतात. सुई त्या खाचेतून जाताना हलते आणि त्या हलण्याचा पुन्हा आवाज होतो. बारा इंची एलपीची (लाँग प्ले रेकॉर्डची) एक बाजू बावीस मिनिटांची धरली, तर मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी सातशे तेहतीस फेरे होतात. ती खाच उलगडून सरळ केली तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल.

आपल्याकडे घरोघरी सापडतात त्या तबकड्या मुख्यतः तीन जातींच्या. सगळ्यात जुनी ती ७८ फेऱ्यांची, बहुतेक दहा इंची. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं वाजते, हाताला जड लागते आणि पडली की फुटते. ही प्लास्टिकची नव्हे, लाखेची. लाखेच्या किड्यापासून मिळणारी राळ, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांचं मिश्रण दाबून ती बनवत. लाख मुख्यतः भारतातूनच जगभर जायची. दुसरी एलपी. ती अमेरिकेत १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने आणली. ही व्हिनाइलची, म्हणजे पीव्हीसी जातीच्या प्लास्टिकची. तिसरी सात इंची, ४५ फेऱ्यांची, १९४९ ची. आपल्याकडे तिला ईपी म्हणतात आणि चित्रपटांच्या गाण्यांच्या ईपी अजूनही ढिगाने मिळतात.

या तिघींच्या खाचा सारख्या नाहीत, आणि नवशिक्यांचे बरेचसे घोटाळे इथूनच सुरू होतात. ७८ ची खाच साधारण ०.१५ मिलिमीटर रुंद, एलपीची त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. एलपीची सुई ७८ वर टेकवली तर ती भिंतींना धरून न राहता तळाशी जाऊन घासते, आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते. उलट चावीच्या ग्रामोफोनची पोलादी पिन एलपीवर टेकवली तर एकदाच वाजवण्यात खाचेची वाट लागते. लाखेच्या तबकडीतली दगडपूड मुद्दाम घातलेली असे. ती पिन घासून खाचेच्या आकाराची करून घेई. म्हणून दर बाजूला पिन बदलायची असा नियम होता. व्हिनाइल मऊ असतं, तिथे झिजते ती तबकडी.

## ‘वाजवता येत नाही’ म्हणजे नेमकं काय

हे वाक्य चार वेगळे लोक चार कारणांनी म्हणतात. एकाकडे यंत्रच नाही. दुसऱ्याकडे आहे, पण त्याचा पट्टा सैल झालाय किंवा सुई मिळत नाही. तिसऱ्याची तबकडीच तडकलेली, वाकलेली किंवा चरे पडलेली. चौथा मात्र सगळं धड असून मुद्दाम वाजवत नाही. लोकांना या चौथ्याचंच कोडं पडतं, आणि खरं तर त्याचंच कारण सगळ्यात सरळ आहे.

मॅग्नेटिक कार्ट्रिजची सुई एलपीवर दीड ते अडीच ग्रॅम भाराने टेकते. (कार्ट्रिज म्हणजे सुईच्या हालचालीची वीज करणारी छोटी डबी.) दोन ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण हिऱ्याच्या टोकाचा खाचेच्या भिंतीला होणारा स्पर्श इतका सूक्ष्म असतो की दाब चौरस सेंटिमीटरला टनांमध्ये जातो. मध्ये धुळीचा कण आला तर तो भिंतीत रुततो. स्वच्छ तबकडी, नीट बसवलेली सुई आणि योग्य भार असेल तर शेकडो वेळा वाजवूनही फारसा फरक पडत नाही, हे खरं. पण झिजलेली सुई किंवा पाच-सहा ग्रॅम भार टाकणारं स्वस्तातलं सिरॅमिक कार्ट्रिज असेल, तर वरच्या पट्टीतले स्वर लवकर फाटतात. आणि जुन्या ग्रामोफोनच्या साउंडबॉक्सचा, म्हणजे पिन धरणाऱ्या डबीचा, भार शंभर ग्रॅमच्या वरच. एखाद्या गाण्याच्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्याच प्रती उरल्या असतील, तर ज्याच्या हाती ती आहे त्याने ती गंमत म्हणून चावीच्या पेटीवर लावू नये. तो लावत नाही, ते बरंच आहे.

नाशिककरांना हे समजायला लांब जायला नको. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२० च्या दशकापासून टपालाची तिकिटं छापली जातात. तिकीट पाकिटाला चिकटवण्यासाठीच असतं. तरी तिकिटं जमवणारा ते कोरं, मागच्या डिंकासकट जपतो, आणि “तुम्ही पत्रं तर लिहीत नाही, मग तिकिटं कशाला?” असं त्याला कुणी विचारत नाही. एक फरक मात्र लक्षात ठेवावा. चिकटवलेलं तिकीट कायमचं खर्ची पडतं, तबकडी मात्र जपून वाजवली तर पुन्हा वाजते. म्हणून ‘कधीच वाजवायची नाही’ हा हट्ट दुर्मीळ तबकडीपुरता शोभतो. दहा ठिकाणी मिळणाऱ्या चित्रपटाच्या एलपीला सोवळ्यात ठेवण्यात काही अर्थ नाही.

## सुई न लावता काय वाचता येतं

पुष्कळ. संग्राहक तबकडी हातात घेतो तेव्हा आधी लेबल वाचतो. आपल्याकडच्या एचएमव्हीच्या एलपीवर ‘ईसीएलपी’ अक्षरं असतील तर ती मोनो, ‘ईसीएसडी’ असतील तर स्टिरिओ. ईपीवर ‘७ ईपीई’ दिसतं. मग लेबल आणि शेवटची खाच यांमधला गुळगुळीत पट्टा. तिथे साच्याचा क्रमांक कोरलेला असतो. लेबल चुकीचं लागू शकतं, कव्हर बदललेलं असू शकतं, पण हा क्रमांक साच्यातून थेट तबकडीत उतरलेला असतो. पहिल्या छपाईची कोणती आणि वीस वर्षांनी पुन्हा काढलेली कोणती, याचा निवाडा बहुधा इथेच होतो.

कुठे छापली यावरूनही काळ कळतो. भारतातलं पहिलं मोठं ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात फ्रेड गैसबर्ग यांनी केलं. गायिका गौहर जान यांचा आवाज तेव्हाचाच. त्या तबकड्या जर्मनीतल्या हॅनोवरला छापून परत यायच्या. कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला १९०८ मध्ये आणि डमडमचा १९२८ मध्ये. जुन्या ७८ च्या शेवटी गायक-गायिका स्वतःचं नाव घेताना ऐकू येतात, त्याचं कारणही हेच सांगतात. परदेशातल्या छापणाऱ्याला कोणतं गाणं कुणाचं ते समजावं.

बाकी कव्हर. बारा इंची चौकोनात मागच्या बाजूला वादकांची नावं, रागांची माहिती, कधी अख्खं गीत छापलेलं असतं. मोबाइलवरच्या ऐकण्यात तबल्याला कोण होतं ते सहसा कळत नाही. कव्हरच्या कोपऱ्यात विक्रेत्याचा शिक्का असेल तर अनेकजण तो खरवडून काढतात. हे करू नये. रविवार कारंजा किंवा मेन रोडवरच्या, आता बंद झालेल्या एखाद्या दुकानाचा तो एकुलता एक पुरावा असू शकतो. “सौ. ताईस, लग्नाच्या वाढदिवसानिमित्त” असं शाईने लिहिलेलं कव्हर बाजारात कमी भावाने जातं हे खरं, पण त्या एका ओळीवरून कोणत्या घरात, कोणत्या साली काय ऐकलं जात होतं ते कळतं. असं कव्हर उजवं की डावं, यावर संग्राहकांचं एकमत नाही. माझं मत उजव्याच्या बाजूने.

## “पण यूट्यूबवर सगळं आहे की!”

सगळं नाही. जे आहे तेही पुष्कळदा कुणीतरी जपलेल्या तबकडीवरूनच चढवलेलं आहे.

नाशिकमधलंच उदाहरण घ्या. शास्त्रीय गायक विष्णु दिगंबर पलुसकर उत्तरायुष्यात नाशकात पंचवटीत आश्रम काढून राहिले. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे डी. व्ही. पलुसकर, १९२१ मध्ये नाशकात जन्मले. त्यांची पहिली तबकडी १९४४ ची. १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. तोवर भारतात एलपी रुळलीच नव्हती. त्यामुळे त्यांनी स्वतः कंपनीसाठी गायलेलं जे आहे ते ७८ वर, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं. एलपी निघाल्या त्या त्यांच्या मागे. एक राग तीन मिनिटांत मांडायचा तर काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हा विचार त्या तबकडीच्या आकारानेच गायकाला करायला लावला. पुढे फेरमुद्रणात खरखर काढताना तंबोऱ्याची आस आणि आवाजाची धारही काही वेळा पुसली जाते. मूळ तबकडी हाताशी असेल तर उद्या चांगलं तंत्र आलं की पुन्हा सुरुवातीपासून काम करता येतं. ती भंगारात गेली तर जे मुद्रण झालं तेच कायमचं.

दुसरं, ऐकण्याच्या ॲपवर आपण पैसे भरतो ते ऐकण्याच्या परवानगीचे. कंपनीचा करार संपला की गाणं यादीतून जातं. तबकडी कुणी घरातून काढून नेत नाही, म्हणून नव्या पिढीतली मुलं मोबाइलवर ऐकतात आणि आवडलेल्याची रेकॉर्ड भिंतीवर लावतात. ऐकणं एकीकडे, मालकी दुसरीकडे. वरच्या आकड्यांतल्या यंत्र नसलेल्या निम्म्या गिऱ्हाइकांतली काही अशीच असावीत.

मालकीचा अर्थ मात्र मर्यादित आहे. तबकडी तुमची झाली म्हणून त्यातल्या आवाजाचे हक्क तुमचे होत नाहीत. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. गीतकार आणि संगीतकाराचा हक्क वेगळा, तो त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं. तेव्हा जुनी तबकडी उतरवून घेऊन सर्रास जगाला वाटण्याआधी दोन्ही तारखा तपासाव्यात.

## ही गुंतवणूक आहे का?

सहसा नाही. जुनी म्हणजे महाग, हा सगळ्यात मोठा गैरसमज. गाजलेल्या हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डी गाजल्या म्हणूनच प्रचंड छापल्या गेल्या, त्यामुळे त्या सहज मिळतात. किंमत येते ती कमी छापल्या गेलेल्या, पण आज मागणी असलेल्या तबकड्यांना. म्हणजे पडलेल्या चित्रपटाचं चांगलं संगीत, लहान कंपन्यांची शास्त्रीय मुद्रणं, जुनी नाट्यपदं.

त्यातही अवस्था पाहिली जाते. जगभर वापरली जाणारी श्रेणी अशी: मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड, पुअर. नाव फसवं आहे. रेकॉर्डच्या बाजारात ‘गुड’ म्हणजे खरखर करणारी, चरे पडलेली. विकणाऱ्याने ‘गुड कंडिशन’ म्हटलं की घेणाऱ्याने सावध व्हावं.

घरचा माणूस सांगतो ती किंमत आणि बाजारातली किंमत यांत अंतर का पडतं, याचाही अभ्यास झालाय. डॅनियल काहनमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काहीजणांना कॉफीचे मग दिले. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी विकण्यासाठी मागितलेली किंमत, घेणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. तो कॉफीचा मग तर नुकताच हातात आलेला. आजोबांच्या ट्रंकेचं काय होत असेल!

## न वाजवता नुसती ठेवली तर टिकते ना?

नीट ठेवली तर. न वाजवणाऱ्याला वाटतं, आपण हात लावत नाही म्हणजे काही बिघडणार नाही. प्रत्यक्षात पुष्कळ तबकड्या ठेवण्यातच वाया जातात.

व्हिनाइल उन्हाळ्यात वाकतं. नाशकात एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो. खोलीतल्या सावलीत तेवढ्याने काही होत नाही, पण उन्हात उभ्या गाडीत, पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर किंवा पश्चिमेच्या खिडकीपाशी तापमान त्याहून कितीतरी वर जातं. अशा उष्णतेत तबकडी तिरकी टेकलेली असेल तर स्वतःच्याच वजनाने बशीसारखी होते. एकदा वाकलेली घरी सरळ करणं जिकिरीचं. दोन जाड काचांमध्ये वजन ठेवून काही आठवडे दाबली तर थोडा फरक पडतो. ओव्हनचा किंवा इस्त्रीचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. खाचा मऊ पडून सपाट होतात, मग तबकडी सरळ होते आणि मुकी होते.

ठेवायच्या त्या उभ्याच, पुस्तकांसारख्या, पण तिरक्या नाहीत. दर अर्ध्या फुटाला मध्ये एक उभी फळी आली की त्या झुकत नाहीत. एक फूट रुंदीच्या कप्प्यात सत्तरेक एलपी मावतात आणि त्यांचं वजन सोळा किलोच्या आसपास जातं. घरगुती शोकेसची पातळ फळी तेवढं पेलत नाही, मधोमध पोक काढते. लाखेच्या ७८ त्याहून जड. त्या एकावर एक रचल्या की सगळ्यात खालच्या तडकतात. वाड्यातल्या ट्रंकांमध्ये तळाच्या पाच-सहा नेहमी फुटलेल्या निघतात त्या यामुळे.

मग पावसाळा. ग्रंथालयं तबकड्यांसाठी १८ ते २२ अंश आणि ४० ते ५० टक्के आर्द्रता धरतात. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडच्या हवेत त्याच्या दीडपट-दुप्पट ओल असते. बुरशी आधी कागदी कव्हरला धरते, तिथून खाचेत उतरते आणि पांढुरके ठिपके दिसू लागतात. उपाय साधे आहेत. कपाट बाहेरच्या ओल्या भिंतीला चिकटवू नये, चार बोटं अंतर सोडावं. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, पण त्या ओल पिऊन भरल्या की मंद आचेवर सुकवून घ्याव्यात. वर्षानुवर्षं तशाच ठेवलेल्या पुड्यांचा काही उपयोग नसतो. डांबरगोळ्या नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात. कव्हरला कसर आणि वाळवी लागते, म्हणून पावसाळा संपला की एकदा सगळा गठ्ठा काढून पाहावा. सराफ बाजार, भांडी बाजार, गंगाघाटाच्या आसपास राहणाऱ्यांनी तर सगळ्यात खालचा कप्पा रिकामाच ठेवावा. गोदावरीला पूर येऊन पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्यावर रेकॉर्डी वर चढवायला वेळ नसतो.

एक छुपा शत्रू म्हणजे जुन्या, जाड, मऊ पारदर्शक पीव्हीसीच्या पिशव्या. त्या मऊ ठेवण्यासाठी घातलेलं तेलकट द्रव्य काही वर्षांत बाहेर झिरपतं आणि तबकडीवर धुरकट थर बसतो. तो पुसून जात नाही. आतल्या बाजूला पातळ एचडीपीई पॉलिथिनची आणि बाहेर साध्या पॉलिथिनची पिशवी चालते.

धुण्यात तर दोन जातींचे नियम उलटे आहेत. व्हिनाइलला डिस्टिल्ड वॉटर, लिटरला भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, मऊ मायक्रोफायबरचं फडकं खाचेच्या दिशेने गोल फिरवायचं, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने धुऊन उभी वाळवायची. लेबल कोरडं ठेवायचं. बोअरचं पाणी नको, वाळल्यावर क्षार खाचेत बसतात. लाखेच्या तबकडीला मात्र स्पिरिट, सॅनिटायझर किंवा अल्कोहोल असलेलं कुठलंही क्लीनर लावायचं नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. फर्निचरचं पॉलिश करतात ते असंच. चकाकी येण्यासाठी पुसलेलं स्पिरिट खाच धुऊन नेतं. लाखेला पाणीही क्षणभरच, बुडवून ठेवायचं नाही.

आणि एक जात अशी आहे जी कपाटात नुसती बसूनही मरते. रेडिओ केंद्रात किंवा स्टुडिओत एकच प्रत कोरून घेण्यासाठी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लॅकरचा थर दिलेल्या तबकड्या वापरत. लेबल हाताने किंवा टाइप करून लिहिलेलं, कडेला धातू दिसतो. वर्षं गेली की थर आक्रसतो, पृष्ठभागावर पांढरी भुकटी येते आणि शेवटी पापुद्रे सुटतात. अशी तबकडी सापडली तर जपत बसू नये. तिच्यावरचा आवाज जाणकाराकडून लगेच उतरवून घ्यावा.

## तरी वाजवायचीच झाली तर

परदेशातून नातेवाइकाने पाठवलेलं जुनं टर्नटेबल आधी नीट वाचावं. अमेरिकी यंत्र ११० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचं असतं. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळतं, पण विजेच्या आवर्तनांवर चालणारी सिंक्रोनस मोटर आपल्या ५० हर्ट्झवर सहाव्या हिश्शाने मंद फिरते. ३३⅓ च्या जागी सुमारे २७.८ फेरे, आणि काळी चारमध्ये गाणारी बाई पट्टी सोडून तीन अर्धस्वर खाली, पांढरी चारमध्ये ऐकू येते. काही यंत्रांत ५० हर्ट्झची पुली बदलून मिळते.

मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून येणारी वीज पाचेक मिलिव्होल्टची असते. ती थेट ॲम्प्लिफायरच्या साध्या सॉकेटला दिली तर आवाज क्षीण आणि पत्र्यासारखा येतो, खर्ज नसतोच. मध्ये ती वीज वाढवणारा फोनो प्री-ॲम्प लागतो. बिघडलंय म्हणून परत केलेली कितीतरी यंत्रं फक्त एवढ्यासाठी परत गेलेली असतात. हिऱ्याची सुई ५०० ते १००० तास टिकते. जुन्या यंत्रावरची सुई किती चालली ते कळायला मार्ग नसतो, म्हणून पहिली तबकडी टेकवण्याआधीच नवी घ्यावी. ७८ साठी वेगळी, तिप्पट-चौपट जाड टोकाची सुई लागते. यंत्राला ७८ चा वेग नसेल तर ४५ वर मुद्रित करून संगणकात वेग १.७३ पट करता येतो.

बाजारात मिळणारा चकचकीत पितळी कर्ण्याचा ‘अँटिक’ ग्रामोफोन मात्र शोभेचा समजावा. पुष्कळदा तो सुट्या भागांतून नव्याने जोडलेला असतो, कुत्र्याचं लेबल वरून चिकटवलेलं असतं आणि त्याचा वाकडा, जड दांडा तबकडी सोलून काढतो.

## घरात पेटी निघाली तर

भंगारवाल्याला हाक मारण्याआधी अर्धा तास द्या. प्रत्येक तबकडी कडेला आणि लेबलला धरून बाहेर काढा, खाचांना बोटं लावू नका. टॉर्च तिरपा धरा. काळी चकाकी म्हणजे बरी अवस्था, राखाडी झाक म्हणजे जड सुईने झिजलेली. मधल्या भोकाभोवती लेबलवर बारीक ओरखड्यांचं जाळं असेल तर पुष्कळ वाजवलेली. चऱ्यावरून नख हलकेच न्या, अडकलं तर तिथे टक-टक ऐकू येणार. लाखेची तबकडी मधल्या भोकात बारीक दांडी घालून लटकती धरा आणि कडेला हलकी टिचकी मारा. धड असेल तर स्वच्छ घुमते, बारीक तडा असेल तर बद्द वाजते.

मग दोन्ही लेबलांचे आणि साच्याच्या क्रमांकाचे फोटो घ्या. कुठलंही गाणं ओळखण्यासाठी जाणकाराला एवढंच पुरतं. मुंबईत १९९० पासून काम करणाऱ्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या सभासदांनी अशाच क्रमांकांवरून जुन्या मुद्रणांच्या याद्या लावल्या आहेत, आणि यादीतली रिकामी जागा कधी कधी माळ्यावरच्या ट्रंकेतून भरते.

फुटलेले तुकडेही टाकू नका. अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी खाचेला स्पर्श न करता तिचे सूक्ष्म फोटो काढून त्यावरून आवाज उभा करण्याची पद्धत विकसित केली, आणि तिथलं लायब्ररी ऑफ काँग्रेस ती वापरतं. भंगलेल्या तबकडीचे तुकडे जवळ मांडून, त्यांच्या फोटोंवरूनही आवाज मिळवता येतो. अट एवढीच की खाचा जशाच्या तशा असाव्यात. म्हणून तुकडे क्रमाने ठेवा, प्रत्येकामध्ये मऊ कागद घाला, कडा एकमेकींवर घासू देऊ नका. आणि फेविक्विकने जोडू नका. तो थेंब फटीतून खाचेत उतरतो, तिथेच कडक होतो, आणि त्या जागचा आवाज मग कॅमेऱ्यालाही दिसत नाही.